दोन बोटं माया

टेलरबाईंचं खरं नाव घेणारं आता कुणी उरलं नव्हतं. गिऱ्हाइकं टेलरबाई म्हणायची, शेजारीपाजारी टेलरबाई म्हणायचे, आणि नवरा नुसतंच 'अगं' म्हणायचा. नवऱ्याचंही तेच. ते कटिंग करायचे म्हणून जगाला मास्तर. रस्त्याला लागून एक लांबट खोली, पुढे कटिंगचं टेबल, मागे दोन शिलाई मशिनं आणि एक ओव्हरलॉकचं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे फर्मे, एवढं दुकान. कात्री मास्तरांची, मशीन बाईंचं, ही वाटणी तीस वर्षं चालत आली होती आणि भांडणंही नेमकी त्याच हद्दीवर व्हायची.

"कापलंय वाकडं."

"कापलंय सरळ. तू शिवतेस वाकडं."

काम शाळांच्या गणवेशांचं. तीन शाळांचं काम बांधलेलं होतं. कुठल्या इयत्तेतली किती पोरं एवढं कळलं की बाईंना पुढचं विचारावं लागत नसे. दुसरी म्हणजे छाती सव्वीस, शर्टाची उंची अठरा. चौथी म्हणजे अठ्ठावीस-वीस. पोर डोळ्यांसमोर नसलं तरी माप तोंडावर. आणि प्रत्येक बाहीला, प्रत्येक पॅन्टच्या पायाला आतल्या बाजूनं दोन बोटं माया सोडायची, हा बाईंचा शिरस्ता. कापड थोडं जास्त जातं म्हणून मास्तर कुरकुर करायचे, पण बाई ऐकत नसत. "पोरं काय तुमच्या फर्म्याएवढीच राहणार आहेत का? जूनमध्ये घातलेला शर्ट डिसेंबरात मनगटावर येतो. आईनं उसवून सोडला की वर्ष निघतं."

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. पण घरात एक होतं. धाकट्या बहिणीला परगावी नोकरी लागली तेव्हा "दोन महिने ठेव गं हिला" म्हणून सात वर्षांची पोर ठेवून ती गेली, आणि ते दोन महिने काही संपले नाहीत. भाची आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाईंना मावशी आणि मास्तरांना काका म्हणायची, आणि दोघांवर दादागिरी करायची.

एका दुपारी भाची एका पोराला घेऊन दुकानात आली. उंच, हडकुळा, कपाळावर केसांचं जंगल. कॉलेजात त्याला झिपऱ्या म्हणत आणि तोही त्याच नावाला ओ देत असे. नाटक बसवणारा तोच.

"काकू, चाळीस गणवेश हवेत," झिपऱ्या म्हणाला. "लष्करी. हिरवे."

"कुठल्या मापाचे?"

"आठ ते बारा."

"आठ ते बारा काय? इंच?"

"वर्षं, काकू."

बाई हसल्या. "स्नेहसंमेलन आहे वाटतं? छोट्यांना कवायत करायला लावणार?"

झिपऱ्या हसला नाही. भाचीही हसली नाही. मग त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. सीमेपलीकडे इतकी वर्षं लढाई चालू आहे, तिथे टोळ्या गावांतून मुलं उचलून नेतात. आठ वर्षांची, नऊ वर्षांची. त्यांच्या हातात बंदुका देतात. जगातल्या मोठमोठ्या खोल्यांमध्ये त्यावर चर्चा होतात आणि पोरं मरत राहतात. कॉलेजची मुलं याचा निषेध करणार होती. भाषणं नाहीत, मोर्चा नाही. कॉलेजच्या अंगणात तारा बांधायच्या, त्यांवर चाळीस गणवेश टांगायचे, बरोब्बर त्या-त्या मुलाच्या उंचीवर, आणि येणाऱ्या माणसांनी त्यांच्यामधून चालत जायचं.

"आणि आत कोण असणार?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. रिकामेच."

बाईंच्या हातातलं कापड तसंच राहिलं. आठ वर्षांची? त्या दोनदा मनात म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांनी बातम्यांत लढाई ऐकली होती, पण लढणारे म्हणजे बाप्येच, हे त्या धरूनच चालल्या होत्या.

टेबलापाशी मास्तरांची कात्री थांबली होती. "आपल्याला जमायचं नाही," ते म्हणाले. "कामं पडलीत."

कुठली कामं पडली होती? शाळा सुरू व्हायला दोन महिने अवकाश होता आणि टेबलावर एका उशीचा अभ्रा होता. बाईंना नवल वाटलं. भाची फणकारली, "काका, काहीही काय!" आणि बाईंनी काम घेऊन टाकलं.

हिरव्या कापडाचा तागा आला. मास्तर मार्किंगचा खडू शोधत राहिले. बाईंनी विचारलं, "फर्मा कुठला घ्यायचा? नवा काढावा लागेल ना?" आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की नवा काढायची गरज नाही. त्यांनी खिळ्यावरून आधी दुसरीचा फर्मा उतरवला. कॉलर तीच, बाही तीच, खिसा तोच. पांढऱ्याऐवजी हिरवं कापड पसरलं, की झाला शिपाई. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण काम ते काम. नऊ दिवसांत चाळीस शर्ट, चाळीस पॅन्ट शिवून झाल्या.

प्रयोगाच्या चार दिवस आधी भाची म्हणाली, "मावशी, जरा हॉलमध्ये चल ना. टांगल्यावर खांदे पडतायत, बघ काय करता येतं." बाई सुईदोरा आणि टाचण्यांची डबी घेऊन गेल्या. हॉलमध्ये पोरांची लगबग चालली होती. कुणी तार ओढतंय, कुणी पाय आपटत कवायतीचा सराव करतंय. बाईंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून खांद्यांत घालायला सांगितल्या. आणि निघता निघता समोरच्या भिंतीकडे त्यांची नजर गेली.

भिंतीवर एक फोटो लावला होता, कापडावर छापलेला, माणसाच्या उंचीचा. तिकडच्याच एका छावणीतला. एका छायाचित्रकाराकडून झिपऱ्यानं रीतसर परवानगीनं मिळवलेला. मुलाचा चेहरा दाखवायचा नाही असं पोरांनी ठरवलं होतं, म्हणून फोटो गळ्यापासून गुडघ्यापर्यंतच होता. हिरवा शर्ट, छातीवर आडवी बंदूक, आणि तिच्यावर दोन छोटे हात.

दुसरं कुणी असतं तर त्यानं आधी बंदूक पाहिली असती. बाई शिवणारी बाई. त्यांनी शिलाई पाहिली.

खिशाच्या कोपऱ्यात टीप सरळ नव्हती. तिथे एक छोटा त्रिकोण घातलेला होता, बारीक टाक्यांचा. खिसा उसवू नये म्हणून असा त्रिकोण घालायला बाईंना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. बाजारात कुणी घालत नाही, वेळ जातो. आणि दोरा हिरवा नव्हता. तपकिरी होता.

बाई पुढे गेल्या. इतक्या पुढे, की नाक कापडाला लागेल. खांद्यावर कापडाचा एक जाड फासा होता. तो त्यांनी बोटानं चाचपला, फोटोच होता तरी.

"मावशी?" भाची मागून म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी एक कंत्राटदार दुकानात आला होता. घरातसुद्धा गॉगल न काढणारा माणूस. एकशे चाळीस जोड हवे होते, हिरवे, लहान मुलांचे. एका निवासी शाळेच्या बँडपथकासाठी, तो म्हणाला. खांद्यावर जाड फासा हवा, ढोलाचा पट्टा अडकवायला. मोठा खिसा हवा, बाजाची वही ठेवायला. आणि जाता जाता म्हणाला होता, "माया बिया सोडू नका. कापड वाया घालवू नका." हिरवा दोरा मध्येच संपला, गावात त्या छटेचा मिळेना, म्हणून बाईंनी खिशांना तपकिरी लावला होता. मायेचं मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं. बँडवाली असली तरी पोरंच ना, वाढायचीच, असं म्हणून त्यांनी मास्तरांच्या कुरकुरीला न जुमानता प्रत्येक बाहीच्या आत दोन बोटं कापड दुमडून घातलं होतं.

आता त्यांनी फोटोतल्या बाहीकडे पाहिलं. मनगटापाशी एक पट्टा होता, दोन बोटं रुंद. बाकी शर्ट उन्हानं विटून गेला होता, तो पट्टा तेवढा गडद, कोरा हिरवा. कुणीतरी बाही उसवून सोडली होती.

म्हणजे ते पोर त्या शर्टात वाढलं होतं.

बाई तिथेच फरशीवर बसल्या. टाचण्यांची डबी हातातून सुटली आणि टाचण्या चहूकडे पसरल्या. कवायत थांबली. पोरं धावत आली, कुणी पाणी आणलं.

"हा शर्ट माझा आहे," बाई म्हणाल्या.

झिपऱ्या त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्याचे डोळे भरून आले होते. "हो काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "तो आपल्या सगळ्यांचाच आहे."

"अरे, तसं नाही रे! माझा म्हणजे मी शिवलाय. या हातांनी. आपल्या दुकानात."

कुणाला काही समजेना. बाईंनी पुन्हा सांगितलं. त्रिकोण दाखवला, दोरा दाखवला, फासा दाखवला. पट्ट्याकडे मात्र त्यांनी नुसतं बोट केलं. झिपऱ्या एकदा फोटोकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. सीमेपलीकडचा, नकाशावर बोट ठेवून शोधावा लागणारा तो सगळा प्रकार एकदम या हॉलमध्ये येऊन उभा राहिला होता, आणि त्याचं काय करायचं हे त्या नाटकवाल्या पोराला सुचत नव्हतं.

भाची भिंतीला टेकून उभी होती. चेहरा पांढराफटक. "मावशी," ती म्हणाली, "मी घातला होता ना तो?"

बाईंनी मान वर केली.

"तो माणूस आला होता. नमुन्याचा शर्ट मला घालून बघितला होता. मी टेबलावर उभी राहिले होते. सॅल्यूट केला होता मी. तुम्ही सगळे हसला होतात."

"तो नमुना होता बाळा. त्याच्यानंतरचे..."

"तो म्हणाला होता, 'झकास, अश्शीच मापं हवीत.'" भाचीचा आवाज फाटला. "माझ्या मापाचे आहेत ते, मावशी. माझ्या."

संध्याकाळी त्या दोघी दुकानात शिरल्या तेव्हा मास्तर बाजूच्या मशीनला तेल देत होते. बाईंनी चप्पलही काढली नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, आता हे हबकतील, बसतील, 'असं कसं गं' म्हणतील. मास्तरांनी तेलाची कुपी खाली ठेवली आणि बोटं फडक्याला पुसत राहिले. पुसून झाली तरी पुसत राहिले.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं."

"माझ्याकडे बघून सांगा."

मास्तरांनी बघितलं नाही. "गठ्ठे पोचवायला मी गेलो होतो गोदामात. ट्रक लागला होता. आपले गठ्ठे चढवले. त्यांच्या शेजारी बूट होते. पोती भरून बूट. लहान." त्यांनी हातानं माप दाखवलं, वीतभर. "आणि लाकडी पेट्या. मी हमालाला विचारलं, बाजे आहेत का? तो हसला. म्हणाला, 'वाजणार आहेत खरे.'"

"मग?"

"मग काय? ट्रक गेला."

"आणि तुम्ही घरी येऊन जेवलात."

"अगं, मला काय कळलं तेव्हा? अर्धंच कळलं. अर्ध्याचं काय सांगायचं? सांगून तू काय करणार होतीस? उसवणार होतीस?"

 तीस वर्षं ज्या माणसाशी अर्ध्या इंचावरून भांडल्या, तो अकरा वर्षं मूग गिळून बसला होता, रोज समोरच्या टेबलापाशी, हाताच्या अंतरावर. म्हणून त्या दिवशी 'जमायचं नाही' म्हणाले! भाची रडत आतल्या खोलीत निघून गेली. बाई मशीनवर बसल्या, बॉबिन काढलं, पुन्हा बसवलं, पुन्हा काढलं. हातांना दुसरं काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या झिपऱ्याला भेटायला गेल्या. "मला तुमच्या प्रयोगात बोलायचंय," त्या म्हणाल्या.

झिपऱ्या चाचरला. भाचीनं त्याला रात्रीच सगळं सांगितलं होतं. "काकू, लोक तुमच्यावर तुटून पडतील. तुम्हाला तर फसवलं होतं. आणि काका..."

"काकांचं काका बघतील. मी माझं सांगणार."

"पण दुकान? शाळा काम देणं बंद करतील."

"करतील की. मग?"

झिपऱ्यानं केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, "मशीन आणता येईल का, काकू?"

प्रयोग दुपारी चारचा होता. दोन इमारतींच्या मधल्या फरशीबंद अंगणात तारा बांधल्या होत्या आणि त्यांवर चाळीस गणवेश, कुठला कमरेपर्यंत येणारा, कुठला छातीपर्यंत. पाय जमिनीपासून जरासे वर, आणि समोरच्या भिंतीवर हॉलमधला तो फोटो. दीडदोनशे माणसं जमली होती. विद्यार्थी, शिक्षक, पालक, रस्त्यावरून जाता जाता आत वळलेले. प्राचार्यांनी अर्ध्या तासाची परवानगी दिली होती आणि स्वतः जिन्यात उभे राहून घड्याळ बघत होते.

पोरं कडेनं उभी राहिली आणि पाय आपटू लागली, एका तालात. भाची मधोमध उभी राहून आकडे म्हणू लागली. "आठ." पाय आपटले. "नऊ." पाय आपटले. "आठ. अकरा. दहा. आठ." नावं नाहीत, नुसती वयं, चाळीस. बाईंनी आकड्यांची तालीम पाहिली नव्हती. मशीनपाशी बसून त्या ऐकत होत्या आणि प्रत्येक आकड्याला त्यांच्या डोक्यात आपोआप माप उमटत होतं. आठ, सव्वीस-अठरा. अकरा, तीस-बावीस. थांबवायला गेल्या तर थांबेना.

मग पाय थांबले आणि लोक तारांमधून चालू लागले. कॉलेजचा शिपाई, धिप्पाड माणूस, अंग चोरून निघाला होता, तरी त्याचा गुडघा एका छोट्या पॅन्टला लागला. "सॉरी बाळा," तो पटकन म्हणून गेला. आणि मग आपण काय म्हणालो हे कळून तो तिथेच खिळून राहिला. मागच्यांना त्याला वळसा घालून जावं लागलं.

झिपऱ्यानं खूण केली. बाई उठल्या. एक हात मशीनवर ठेवला. कागदावर काही लिहून आणलं नव्हतं.

"मी शाळेचे गणवेश शिवते," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता, मागून कुणीतरी 'मोठ्यानं' म्हणालं. "मी शाळेचे गणवेश शिवते. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे मीच शिवलेत. हे चाळीस मी आता शिवलेत, प्रयोगासाठी. पण तो फोटोतला जो शर्ट आहे ना, तोही मीच शिवलाय. अकरा वर्षांपूर्वी. तसे एकशे चाळीस शिवले. शाळेच्या बँडसाठी आहेत म्हणून सांगितलं. मी शाळेचं नाव विचारलं नाही. एरवी विचारते, कारण खिशावर शाळेचा बिल्ला लावावा लागतो. यांना बिल्ला नको होता. मला वाटलं, बरं झालं, तेवढंच काम कमी."

बाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं.

"दुसरीच्या फर्म्यावर शिवले. त्या पोरांनी घातले. एकानं तरी दोन-तीन वर्षं घातला, हे मला बाहीवरून कळतं. पुढचं मला कळत नाही."

 मागच्या बाजूनं एक माणूस ओरडला. कुणाचे तरी वडील असावेत, हातात गाडीची किल्ली. "तुम्हीच शिवायचे आणि तुम्हीच सांगायचं! आता टाळ्या हव्यात का?"

"नकोत," बाई म्हणाल्या. "कुणी वाजवू नका."

कुणी वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं तो माणूसही तारांमधून चालत गेला, किल्ली मुठीत दाबून. एक बाई आपल्या छोट्या मुलीला कडेवर उचलून घाईघाईनं फाटकाकडे निघाल्या. प्राचार्यांचा अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. त्यांनी कुणाला जायला सांगितलं नाही.

बाईंना वाटलं होतं, एकदा बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट जी गोष्ट चार दिवस घरात होती ती आता दोनशे माणसांच्या डोळ्यांत दिसत होती, आणि ते बघणं जास्त कठीण होतं. त्या खाली बसल्या. भाची येऊन त्यांच्या पायांशी बसली. तेव्हा फाटकापाशी त्यांना मास्तर दिसले. आत आले नव्हते, गेलेही नव्हते. फाटकाचा गज धरून उभे होते, डोकं उघडं, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. आकडेच म्हणत असावेत.

पुढे बातमी झाली, दोन दिवस चालली आणि विरली. तीनपैकी दोन शाळांनी काम काढून घेतलं. एकीनं सरळ सांगितलं, दुसरीनं फोन उचलणं बंद केलं. हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या एका संस्थेची दोन माणसं दुकानात आली. त्यांना नमुना हवा होता, दोऱ्याचं रीळ हवं होतं, माहिती हवी होती. बाईंना माहीत होतं ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. मग त्या माणसांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर तीन तास बोलले. गोदामाचा रस्ता, फाटकाचा रंग, ट्रकवरची अक्षरं, हमालाचा तुटका दात, दिवस, वार. त्यांना सगळं आठवत होतं, अगदी बारीकसारीक. विसरलेला माणूस असं सांगत नाही. हा माणूस अकरा वर्षं रोज त्या ट्रकशेजारी उभा होता.

संस्थेनं शोध घेतला. गोदामाच्या जागी फरशांचं दुकान निघालं, कंत्राटदाराचा मागमूस नाही. छायाचित्रकाराला विचारून झालं. फोटो शर्ट शिवल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी काढलेला होता. छावणी कुठली ते माहीत होतं, मुलगा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. पण एक गोष्ट लागली हाती. त्या छावणीची टोळी म्हणत आली होती, की आमच्याकडे पोरं आली ती लढाई पेटल्यावर, स्वतःहून, अनाथ होऊन. मास्तरांनी सांगितलेला दिवस लढाईच्या आठ महिने आधीचा होता. म्हणजे पोरं उचलायच्या आधीच त्यांचे कपडे शिवून झाले होते. संस्थेच्या माणसानं हे फोनवर सांगितलं तेव्हा बाईंनी फोन हातात धरूनच विचारलं, "म्हणजे आम्ही शिवत होतो, तेव्हा ती पोरं आपापल्या घरी होती?"

"हो," तो म्हणाला.

मास्तरांशी बाई महिनाभर कामापुरतंच बोलल्या. पुढे एक दिवस "कापलंय वाकडं" म्हणाल्या, सवयीनं, आणि मास्तर टेबलावर दोन्ही हात टेकून रडले. बाई मशीन थांबवून बसून राहिल्या. उठून जवळ गेल्या नाहीत. पण दुकानाबाहेर आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र त्यांनीच सांगितलं, "उद्या या, आज बंद आहे."

जून आला. उरलेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका यादी घेऊन आल्या. दुसरी, साठ जोड.

"यादी नको," बाई म्हणाल्या. "मी शाळेत येऊन मापं घेते. एकेकाचं."

"साठ पोरांची? अहो, तुम्हाला तर सगळी मापं पाठ आहेत!"

"असू देत. पोर बघितल्याशिवाय मी आता शिवत नाही."

मुख्याध्यापिकांनी यादी परत पर्समध्ये ठेवली.

सोमवारी सकाळी बाई वर्गात खुर्ची टाकून बसल्या. शेजारी भाची वहीत लिहायला. पोरं रांगेत उभी, ढकलाढकली, टेप लागला की गुदगुल्या, खिदळणं. बाई प्रत्येकाला नाव विचारत होत्या, भाची लिहीत होती. गणवेशाला नाव लागत नाही, पण विचारत होत्या. एक दात पडलेली, दोन वेण्यांची मुलगी पुढे आली. नाव सांगितलं, हात पसरले, आणि बाईंनी छातीला टेप लावताच तिनं गाल फुगवून पोटभर श्वास आत ओढून धरला.

"अगं, सोड श्वास," बाई म्हणाल्या. "खरं माप कसं कळणार?"

मुलीनं डोळे मोठे करून नाही म्हणून मान हलवली. मागची पोरं मोजायला लागली, एक, दोन, तीन. बाई टेप धरून थांबल्या. त्यांना काही घाई नव्हती.